जीआयएल गेला म्हणून लॉक काढू नका

‘पायथन आता जीआयएलमुक्त! नवी आवृत्ती टाका, कोडची एक ओळही न बदलता आठ कोअरवर आठपट वेग मिळवा. लॉकची कटकट कायमची संपली.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. (जीआयएल म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, पायथनचा कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरमधलं कुलूप.) तो वाचून माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टमधले लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारी कोडमधली कुलपं, खरंच काढून टाकले, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक दावा लॉकचाच. जीआयएल एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याला) बाइटकोड, म्हणजे पायथनच्या आतल्या सूचना, चालवू देतो. पण तो इंटरप्रिटरचा हिशेब सांभाळायला होता, तुमचा नव्हे. शिल्लकीत १०० मिळवायचे म्हणजे वाचा, मिळवा, लिहा अशा तीन पायऱ्या. दोन थ्रेडनी एकदमच ५०० वाचले, दोघांनीही ६०० लिहिले, की १०० रुपये गायब! जीआयएल असतानाही हे घडू शकत होतं, पण क्वचित. आता थ्रेड खरोखर एकाच क्षणी चालणार, म्हणजे हा धोका वाढला. एरर येत नाही, चुकीचा आकडा मुकाट पुढे जातो. जीआयएल नसलेल्या नव्या बिल्डमध्ये (पायथनच्या तयार रूपात) लिस्ट आणि डिक्शनरीला आतून लॉक आहेत, पण ते त्यांची रचना बिघडू नये एवढ्यापुरतेच. या तीन पायऱ्या एकसंध ठेवणं तुमचंच काम.

‘नवी आवृत्ती टाका’ हेही अर्धवट. पायथन ३.१३ मध्ये हा बिल्ड प्रायोगिक होता. ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठिंबा मिळाला, तरी तो वेगळा घ्यावा लागतो. नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये जीआयएल आहेच. शिवाय या बदलाचा मूळ प्रस्ताव, सॅम ग्रॉस यांचा पेप ७०३ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव), स्पष्ट सांगतो: जीआयएलविना चालायची तयारी जाहीर न केलेलं सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेलं जोड-मोड्यूल) इम्पोर्ट झालं की जीआयएल पुन्हा चालू होतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तो प्रस्ताव उघडून तरी पाहायचा!

आठपट? थ्रेड न वापरणारा कोड आपोआप कोअरमध्ये वाटला जात नाही. वाटला, तरी दहा टक्के काम एकामागून एकच होणारं असेल तर ॲमडालच्या नियमाने (न वाटता येणारं काम एकूण वेगाला मर्यादा घालतं) आठ कोअरवर जेमतेम ४.७ पट.

एक मान्य करावं लागेल. २००८ पासून पायथनमध्ये मल्टिप्रोसेसिंग (थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेस चालवणं) आहे, पण त्यात प्रत्येक प्रोसेसकडे डेटा पिकल करून, म्हणजे बाइट्समध्ये बदलून, पाठवावा लागायचा. आता साधा थ्रेडपूल (कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडचा गट) पुरेल, ही सोय मोठी आहे.

भाचीला सांगितलंय, लॉक परत घाल. नाहीतर प्रत्येक थ्रेडला स्वतःची बेरीज ठेवू दे आणि सगळे संपल्यावर त्या एकत्र कर.