सात हजारांत घर चालवा, असं म्हटलंय कोणी?

आमच्या ले-आउटच्या ग्रुपवर हा मेसेज आतापर्यंत चार वेळा आला. दर वेळी खाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘सरकार म्हणते शहरात महिना 6,996 रुपयांत घर चालते. नागपुरात चालवून दाखवा! तुमच्या दारी कधी कोणी विचारायला आले होते का? अडीच लाख घरांवरून 140 कोटींचा हिशेब. त्यातही लोक खोटेच सांगतात. म्हणजे सगळे एसीत बसून लिहिलेले. आता हीच गरिबीची रेषा ठरणार.’

मी काही वर्षं एका संस्थेसाठी घरोघर जाऊन घरखर्चाचे असलेच प्रश्न विचारत फिरले आहे. ती पाहणी सरकारी नव्हती, पण फॉर्मची जात तीच. त्यामुळे अंगठा द्यायला हात धजेना.

आधी तो आकडा. 6,996 रुपये हा सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीतला शहरी भारताचा आकडा आहे, आणि तो घराचा नाही, माणशी आहे. आजी, शाळकरी पोरगा, पाळण्यातलं बाळ, सगळे धरून माणशी. चौघांच्या घराला तो 27,984 होतो. मानेवाड्याकडच्या एखाद्या घराचा किराणा, दूध, भाजी, गॅस, लाइट बिल, पेट्रोल, रिचार्ज आणि बारानं भागलेली शाळेची फी एका कागदावर मांडून बघा. आकडा काही परग्रहावरचा वाटणार नाही. तरी पगार पुरत नाही तो का, तर फ्लॅटचा हप्ता या हिशेबात नाही. घर घेणं हा उपभोग नव्हे, म्हणून गृहकर्जाचा हप्ता धरत नाहीत. इन्कम टॅक्सही नाही. भाडेकरूचं भाडं धरतात, स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं मानीव भाडं (म्हणजे तेच घर भाड्यानं घेतलं असतं तर जे द्यावं लागलं असतं ते) धरत नाहीत. यावर वाद घालता येईल, घालावाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला हा वाद माहीतच नाही.

शिवाय सरासरी ती सरासरी. त्याच पाहणीत शहरातल्या अगदी खालच्या 5 टक्के लोकांचा माणशी महिन्याचा खर्च 2,376 रुपये आहे आणि वरच्या 5 टक्क्यांचा 20,310. राग यायचाच असेल तर तो 2,376 वर यावा. ‘गरिबीची रेषा’ हे तर उगाच चिकटवलेलं शेपूट. गरिबी कशी मोजावी हे ठरवायला नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 2011-12 साठी काढलेली रेषा शहरात माणशी महिना 1,000 रुपये होती आणि गावात 816. सरासरी खर्चाला कोणी रेषा म्हणत नाही.

‘आमच्या दारी कोणी आलं नाही.’ खरं आहे, माझ्याही दारी नाही आलं. देशात साधारण 30 कोटी घरं, पाहणीत 2,61,953. म्हणजे हजार-अकराशेत एक. पाहणी दरवर्षी झाली तरी तुमच्या घराचा नंबर लागायला सरासरी हजार वर्षं जातील. त्यात ही घरं सुटी-सुटी विखुरलेली नसतात. आधी गावं आणि शहरातले ब्लॉक चिठ्ठी काढल्यासारखे निघतात, मग त्या एकेका ब्लॉकमधून अठराएक घरं. शेजारच्या ब्लॉकमध्ये अठरा घरी माणूस तीन-तीनदा जाऊन आला असेल आणि तुमच्या गल्लीला पत्ताही नसेल.

मग एवढ्याशा घरांवरून देशाचा अंदाज कसा? कळमन्याला संत्र्याचा लिलाव ज्यानं पाहिलाय त्याला हे समजावायची गरज नाही. ढीग मोठा आहे म्हणून व्यापारी जास्त फळं फोडत नाही. तो फक्त वरची फळं बघत नाही, हात खालपर्यंत घालतो. कारण वर काय रचलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेत 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ढिगावर वर रचलेली फळं तीच! संख्या वीस लाख असून काय उपयोग झाला?

‘लोक खोटं सांगतात.’ इथे मला जरा थांबावं लागेल, कारण हे अर्धं खरं आहे. पाचपावलीतल्या एका घरात मी आणि माझा कागद. डाळ झाली, तेल झालं, तंबाखूच्या रकान्याशी आले.

‘ताई, घरात खर्रा कोण खाते?’

‘कोनी नाही जी.’

ताईंच्या मागे टीव्हीच्या फळीवर खर्र्याची पुडी, अर्धी उघडी. दारात उभा असलेला मोठा मुलगा एकदम मोबाइल बघू लागला. मी शून्य लिहिलं. पुडी दिसली म्हणून मनानं आकडा टाकायची मुभा नसते. दारू-तंबाखूचा खर्च पाहणीत कमीच निघतो, हे या कामातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणून डाळीचा, दुधाचा, औषधाचा आकडा खोटा ठरत नाही. त्या बाईंना तूरडाळ किती किलो आणली आणि काय भावानं, हे पावशेराच्या हिशेबानं पाठ होतं.

खोट्यापेक्षा विसरण्याची भीती जास्त. म्हणून भाजी, फळं, तेल, अंडी-मटण गेल्या 7 दिवसांचं विचारतात, तांदूळ-गहू-डाळी 30 दिवसांच्या, आणि कपडे, फी, भांडीकुंडी वर्षाची. कूलरचंच घ्या. मार्चमध्ये घेतलेल्या कूलरचं ‘गेल्या महिन्यात काय घेतलं?’ असं विचारलं तर एप्रिलमध्ये ते घर श्रीमंत दिसेल आणि दिवाळीत गरीब. म्हणून वर्षाचा हिशेब, म्हणूनच पाहणीही ऑगस्ट ते जुलै अशी वर्षभर चालते. 2022-23 पासून एकाच बैठकीत सगळं विचारणं बंद करून प्रश्नांचे तीन भाग केले आणि तीन वेगवेगळ्या भेटी ठेवल्या. चारशेवर वस्तू आहेत यादीत. एका बैठकीत विचारल्या तर शेवटच्या शंभरांना माणूस नुसता ‘नाही, नाही’ म्हणतो. मीही म्हणेन.

एसीचं म्हणाल तर हे भरलेले फॉर्म तपासून देणारी जी मोजकी केंद्रं देशात आहेत, गिरिडीह, अहमदाबाद वगैरे, त्यातलं एक आपल्या नागपुरातच आहे. मे महिन्यात तिथे एसी असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या पाहण्यांचं खरं दुखणं मेसेजमध्ये नाहीच, ते दारावर आहे. पाचपावलीत, नंदनवनच्या मागच्या वस्तीत मला पाणी मिळायचं, चहा मिळायचा, कधी जेवूनच जा म्हणायचे. धरमपेठ, रामदासपेठेच्या फ्लॅट स्कीममध्ये गार्ड खालूनच इंटरकॉम लावायचा आणि वरून ‘साहेब बाहेर गेलेत’ यायचं. चौथ्यांदा गेले तरी बाहेरच. दार उघडलं तरी उत्तरं हातचं राखून. 2022-23 पासून शहरात घरं निवडताना दहा लाखांवरच्या गाडीवाल्यांचा वेगळा गट करतात, तो त्यांना मुद्दाम गाठावं म्हणून. तरी वरच्या टोकाचा खर्च पाहणीत पुरता सापडत नाही, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातला एकूण खर्च पाहणीपेक्षा मोठा निघतो त्याचं हे एक कारण. आमच्या ले-आउटच्या गेटवरही पाटी आहे, ‘सेल्समन व सर्व्हेवाल्यांना प्रवेश नाही’. मेसेज चारदा फिरवणारे काका ती पाटी लावणाऱ्या कमिटीतच आहेत.

संशय घ्यायला जागाच नाही असं मी म्हणणार नाही. 2017-18 ला अशीच पाहणी झाली होती. नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारनं माहितीच्या दर्जाचं कारण देऊन तिचा अहवाल रद्द केला. म्हणजे 2011-12 नंतर थेट 2022-23, मधली दहा वर्षं कोरी, आणि तेवढा काळ महागाई मोजायची वस्तूंची टोपलीही जुन्याच खर्चाच्या मापाची. घरोघर जाऊन, लोकांचा वेळ घेऊन गोळा केलेली माहिती लोकांना दाखवायची नाही, यावर कोणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.