सतरा नंबरचा फॉर्म ही पळवाट आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रौढांनी दहावी-बारावी पूर्ण करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की चाळिशीत मिळवलेल्या दहावीच्या कागदाला कोणी विचारत नाही. सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता राज्य मंडळाच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज) काय किंवा मुक्त विद्यालय काय, हे मागच्या दाराने पास होण्याचे मार्ग आहेत. आणि म्हणूनच आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना आपण ‘हा नाद सोडा, त्यापेक्षा एखादे कौशल्य शिका’ असे सांगितलेत. यातल्या पळवाटेच्या आरोपावर मी अधिक थांबणार आहे, कारण तो मेहनत करणाऱ्यांवर फार अन्याय करणारा आहे.

सतरा नंबरचा फॉर्म भरणारा विद्यार्थी राज्य मंडळाच्या परीक्षेला खाजगीरीत्या बसतो, एवढाच त्याचा वेगळेपणा. प्रश्नपत्रिका तीच, वेळ तीच, उत्तीर्ण होण्याची अट तीच. शाळेत रोज जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून चाळिशीतली बाई गणिताच्या दोन्ही भागांचे चाळीस-चाळीस गुणांचे पेपर सोडवते, आणि तिच्या वयाकडे पाहून तिला कोणी एक गुणही वाढवून देत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची रचना वेगळी आहे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील मंडळ आहे. तिथे वयाला वरची मर्यादा नाही, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकदा उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. घर, नोकरी आणि आजारपणे सांभाळून शिकणाऱ्या माणसाला एका वेळी दोनच विषय झेपत असतील, तर ते त्याने तसे द्यावेत, ही सोय आहे. परीक्षा मात्र त्याला प्रत्येक विषयाची द्यावीच लागते. या संस्थेत गणित सक्तीचे नाही, हा आपला आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, आणि पुढे तंत्रनिकेतनाकडे जायचे असणाऱ्यांना मी गणित-विज्ञान घ्यायला आग्रहाने सांगते. पण ज्या बाईला पुढे कला शाखेतून बारावी करायची आहे, तिने गृहविज्ञान घेतले म्हणून तिची दहावी खोटी ठरत नाही.

‘परीक्षेला न बसता एका महिन्यात दहावी’ अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. मीही पाहिल्या आहेत आणि त्यांचा मला संताप येतो. परंतु तो या दोन्ही मार्गांचा दोष नव्हे. परीक्षा न घेता प्रमाणपत्र देणारा जो कोणी असेल तो फसवणूक करतो आहे, आणि त्यात पैसे बुडतात ते बहुधा आपल्या मावशींसारख्यांचेच.

खरी उणीव दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल आपण काहीच लिहिले नाहीत. या विद्यार्थ्यांना शिकवायला कोणी नसते. फॉर्म एखाद्या शाळेमार्फत भरला जातो, हॉलतिकीट मिळते, आणि मधले सगळे महिने माणूस पुस्तकासमोर एकटा असतो. मी संध्याकाळी अशा विद्यार्थिनींना गणित आणि इंग्रजी शिकवते. त्यांपैकी शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारी एकजण कापडाचा हिशेब तोंडी, माझ्याआधी करते. मात्र तेच गणित कागदावर पायऱ्यांनिशी मांडायचे म्हटले की थबकते. पेन ती इतके घट्ट धरते की अक्षरांचा ठसा मागच्या पानावर उमटतो, आणि दहा ओळी लिहून झाल्या की बोटे मोकळी करावी लागतात. तिला उत्तरे येत नव्हती असे नाही. वेळेत लिहून होत नव्हती. यासाठी रोज घड्याळ लावून लिहिण्याचा सराव आणि तो तपासणारे कोणीतरी लागते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली, त्या महाराष्ट्रात आजही असा वर्ग शोधत फिरावे लागते, याची खंत वाटायला हवी. फॉर्म भरणाऱ्यांची नव्हे.

आता उपयोगाविषयी. राज्यात अंगणवाडी मदतनीस किंवा सेविका म्हणून नव्याने लागायचे तर बारावी लागते. दहावी नसलेल्या सर्वसाधारण कामगाराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा (परदेशी नोकरीला जाण्याआधी तपासणी आवश्यक, असा) शेरा येतो, आणि सौदी, ओमान, कतारसारख्या देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते, दहावीच्या प्रमाणपत्राने तो शेरा टळतो, हे कोकणातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. आणि कौशल्याचे म्हणाल, तर आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी हवी, वेल्डरसारख्या मोजक्यांना आठवी चालते. सहायक परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला बारावी हवी. म्हणजे आपण मावशींना जो रस्ता दाखवलात, त्याच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी हाच कागद मागतात.

माझी विनंती एवढीच आहे, की मावशींना पुन्हा एकदा बोलावून त्यांना दहावी कशासाठी हवी आहे हे विचारावे. नोकरीसाठी हवी असेल तर ती अट कोणत्या मंडळाच्या प्रमाणपत्राने पूर्ण होते ते आधी पाहावे. स्वतःसाठी हवी असेल तर तेवढे कारण पुरेसे समजावे. मग शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधायला सांगावे. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत मिळते, आणि शाळाच बंद झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. दाखल्यावर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आताच काढून ठेवावे, म्हणजे पुढे नोकरीच्या वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवता येते. सतरा नंबरच्या अर्जांची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, बहुधा पावसाळ्यातच असते. त्यानंतर विलंब शुल्क भरावे लागते. आणि शक्य असेल तर त्यांना संध्याकाळचा एक तास मोकळा द्यावा. त्या आपल्याच घरी काम करतात, म्हणून तो तास आपल्या हातात आहे.