कोरं आकाश, गिरवलेली अक्षरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर यानं इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यालगत रंगवलेल्या डोंगरगावाबद्दल मी भरभरून लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. आकाश कोरं आणि चित्रभर अक्षरं, म्हणजे हे कच्चं काम. आणि गरिबांचं गाव प्रवाशाच्या नजरेनं गोंडस करून टाकलंय. पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. दुसऱ्यात मात्र तथ्य आहे.

आधी अक्षरांचं. डिसेंबर १८६४ मध्ये लिअर फ्रान्समधल्या नीसहून इटलीतल्या जेनोवाकडे किनाऱ्यानं पायी निघाला. वाटेत थांबून पेन्सिलीनं झपाझप गाव टिपायचं, खाली तारीख घालायची, बहुतेकदा वेळसुद्धा, आणि कुठं कोणता रंग आहे ते तिथंच लिहून ठेवायचं, अशी त्याची पद्धत. शाई आणि पातळ रंग नंतर सवडीनं चढायचे. आणि शाई घेतली की तो नुसत्या रेषा पक्क्या करत नसे, ती अक्षरंही गिरवत असे! ज्याला चित्राचा कच्चेपणा लपवायचा असतो, तो अक्षरं पुसून टाकतो. नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १८७३ मध्ये तो मुंबईत उतरला, तेव्हा इथंही त्यानं याच रीतीनं चित्रं काढली. या टिपणांवरून तो पुढं स्टुडिओत मोठी तैलचित्रं करायचा, हे कबूल. पण मला विचाराल तर उन्हाचा ताजेपणा या कागदांवर जास्त आहे.

कोऱ्या आकाशाचंही तसंच. कागद झाकणारा पांढरा हवाच असता, तर विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीचा चायनीज व्हाइट हा दाट पांढरा जलरंग १८३४ पासून बाजारात होता. रोममधल्या तरुणपणी रंगीत कागदावर लिअरनं स्वतः पांढरा वापरलेला आहे. लिगुरियाच्या या चित्रात त्यानं कागदच उजेड म्हणून राखला. जलरंगात एकदा गेलेला कागद परत मिळत नाही, म्हणून कुठं थांबायचं हे आधीच ठरवावं लागतं. या थांबण्याला अपुरेपणा म्हटलेलं मला खरंच लागलं.

आता दुसरा आक्षेप. ऑलिव्हच्या उतारावरच्या आडव्या रेषांना मी ‘लय’ म्हणून मोकळा झालो. ते बांध आहेत. चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी उभे केलेले. घरं माथ्यावर दाटीनं चिकटून बसली तीही देखाव्यासाठी नव्हे. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांची भीती होती, आणि शेतीजोगी जमीन इतकी थोडी की ती घरांखाली घालवणं परवडत नव्हतं. एवढं उघड असून माझ्या लेखात त्यावर एक ओळ नाही. ही चूक माझी, लिअरची नाही. बांध त्यानं एकेक करून काढलेत.

पुढं लिअर याच किनाऱ्यावरच्या सान रेमो या गावी राहायला गेला; तो तिथं असताना, २३ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. शेजारचं बुसाना हे डोंगरगाव इतकं ढासळलं की लोकांनी ते सोडलं आणि खाली समुद्राच्या बाजूला नवं गाव वसवलं. हा भाग आणि बांधांबद्दलचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो आहे.