गप्प बसलेल्याचा होकार : निपाणीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

जिवंतपणी 'नको' असं नोंदवून न ठेवणाऱ्या प्रत्येकाचा मृत्यूनंतरच्या अवयवदानाला होकार आहे असं धरावं आणि तसा कायदा आपल्याकडेही यावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "१९५६ साली आम्हाला कुणी विचारलं नाही. गप्प आहेत म्हणजे चालतंय, असं धरून इकडं ढकललं. आता मेल्यावर किडन्यापण न विचारता न्या. आणि देणार कुणाला, तर बेंगळूरच्या श्रीमंतांना. डॉक्टर तर जीव जायच्या आधीच मेला म्हणून सांगतील. माझं मात्र आहे तसं जाळा."

एक दुरुस्ती करते, राग मानू नका. छपन्न साली आपला मराठी सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातला, तेव्हा आपली माणसं गप्प नव्हती. बोलत होती, मोर्चे काढत होती, तुरुंगात जात होती. ऐकणारं कुणी नव्हतं. हे लिहिताना लक्षात आलं की या दुरुस्तीनं तुमची बाजू पडत नाही, माझीच पडते. होकार गृहीत धरायचा असेल तर 'नको' म्हणायची सोय प्रत्येकाला माहीत हवी आणि म्हटलेलं 'नको' समोरच्याला ऐकू यायला हवं. मागच्या लेखात या दोन गोष्टींवर मी एक ओळही लिहिली नव्हती.

आपल्याकडे शेताचा उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. खानापूरकडच्या खेड्यात आजही म्हातारी माणसं कागद घेऊन दहावीतल्या नातवाला हाक मारतात. उद्या असा कायदा आला आणि त्याची सूचना बेंगळूरहून निघाली, तर त्या म्हातारीचा 'होकार' कसा असेल? तिला न कळलेल्या कागदावरचा. वेल्सचं उदाहरण मी मोठ्या कौतुकानं दिलं होतं. तिथं कायदा २०१३ मध्ये झाला, पण लागू झाला १ डिसेंबर २०१५ पासून. मधली दोन वर्षं लोकांना सांगण्यात गेली, इंग्रजीत आणि वेल्शमध्येही. ती वेल्शची गोष्ट मी गाळली, आणि नेमकी तीच आपल्या कामाची होती.

वेल्सवरून तुमच्या निपाणीचा विचार डोक्यात आला. इंग्लंडमध्ये असाच कायदा मे २०२० मध्ये आला. म्हणजे साडेचार वर्षं सीमेच्या एका बाजूला मौन म्हणजे संमती होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. आता आपलं बघा. महामार्गावर अपघात झाला की निपाणीचा माणूस कधी कोल्हापूरला नेतात, कधी बेळगावला. कोल्हापूरला अवयवांचं वाटप पुण्याची समिती बघते, बेळगावला कर्नाटकची 'जीवसार्थकते' ही संस्था. आरोग्य हा राज्यांचा विषय. दोन्हीपैकी एकाच राज्यानं गृहीत संमती आणली, तर तुमचा होकार अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या बाजूला वळली त्यावर ठरायचा. वेल्सवाल्यांनी निदान अट घातली होती की माणूस बारा महिने तरी तिथला रहिवासी हवा. आपण कुठले रहिवासी, हा खटला तर २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे!

स्पेनबद्दलही मी अर्धंच सांगितलं होतं. गृहीत संमतीचा कायदा तिथं १९७९ चा. त्यानंतरची दहा वर्षं फारसं काही हललं नाही. १९८९ मध्ये अवयवदानाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, दवाखान्यांतल्या आयसीयूच्या डॉक्टरांनाच समन्वयाचं काम दिलं, घरच्यांशी कसं बोलायचं हे शिकवलं, आणि मग आकडा चढला. दर दहा लाख लोकांमागे चौदाच्या आसपास दाते होते, ते पुढे चाळीसच्या वर गेले. आपल्या देशात हा आकडा एकाच्याही खाली आहे. आणि कायदा काहीही म्हणो, स्पेनमधले डॉक्टर आजही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. ब्राझीलनं मात्र १९९७ मध्ये कायदा नुसता वरून लादला. लोक ओळखपत्रावर 'दाता नाही' असं लिहून घ्यायला धावले आणि पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. तुमची प्रतिक्रिया वाचून मला तेच लोक आठवले.

आता जिथं तुमचं पटत नाही तिथं येते. डॉक्टर आधीच मेला म्हणून सांगतील, हे तसं सोपं नाही हो. किडनी, यकृत, हृदय द्यायचं तर बहुतेक वेळा माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, ठरावा लागतो. चार डॉक्टरांची सही लागते, तपासणी दोनदा होते, दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर लागतं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणी त्या चौघांत चालत नाही. घरात अंथरुणावर गेलेल्या माणसाची किडनी कुणी काढूच शकत नाही. हृदय थांबून घरी गेलेल्याचे डोळे, त्वचा असं काही देता येतं.

श्रीमंतांचं म्हणाल तर तिथं माझ्याकडे धड उत्तर नाही. यादीतला क्रम पैशानं लागत नाही, पण यादीत नाव घालण्यापर्यंत पोचायलाच पैसा लागतो, आणि नंतरची औषधं जन्मभर. तुमच्या शंकेला बळ देणारं आणखी एक सांगते. आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातच एक कलम आहे : दवाखान्यात किंवा तुरुंगात मेलेल्या माणसाला ४८ तासांत कुणी नातेवाईक न्यायला आला नाही, तर अवयव काढायची परवानगी तिथला प्रमुख देऊ शकतो. तोवर उपयोगाचं फारसं काही उरत नाही, ते सोडा. पण गृहीत संमती आपल्याकडे आधी कुणासाठी लिहिली गेली? ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी.

मात्र 'आत्ता आहे तेच बरं, विचारून तरी घेतात' हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. कुणाला विचारतात? मेलेल्यानं हो-नाही काहीच सांगितलेलं नसेल तर आजच्या कायद्याप्रमाणे नातेवाईक ठरवतात. म्हणजे गप्प राहिलेल्याच्या वतीनं आजही दुसराच बोलतो. आणि त्यानं जिवंतपणी सही केलेली असली तरी घरातला एक काका अडून बसला की व्यवहारात दान होत नाही.

माझ्या घरचं सांगते, कारण मागचा लेख त्यातूनच आला होता. माझी आई बेळगावच्या शहापुरातल्या घरी पहाटे गेली. "माझे डोळे देऊन टाका गं" हे तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. सगळ्यांनी ऐकलेलं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, हेही घरात दोघांना ठाऊक. पण गडहिंग्लजहून मामा यायचे होते, ते येईपर्यंत कुणी काय बोलायचं, असं करत सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. रक्षाविसर्जनाहून परतल्यावर धाकटी वहिनी म्हणाली, "आत्यांचे डोळे राहिले की हो." तेव्हा मला वाटलं, कायदाच असता तर? आज वाटतं, कायदा असता तरी फोन कुणीतरी लावायलाच लागला असता. आईचा होकार गृहीत धरायची गरजच नव्हती, तो तिनं दिलेला होता.

फोन लावणारी माणसं कशानं तयार होतात ते आपण बघितलंय. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड नट पुनीत राजकुमार गेला आणि त्याचे डोळे दिले. त्याआधी २००६ मध्ये त्याच्या वडिलांचे, नट राजकुमार यांचेही दिले होते. शाळेत कन्नडला पहिलं स्थान मागणाऱ्या गोकाक चळवळीतल्या त्या राजकुमारांबद्दल आपल्याकडे काय बोलत, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण पुनीत गेल्यावर राज्यभर नेत्रदानाचे अर्ज भरायला रांगा लागल्या, आणि आमच्या गल्लीतली मराठी पोरंही त्यात होती. भाषा आड आली नाही. कुठलाही नवा कायदा तेव्हा आला नव्हता.

म्हणून मागच्या लेखातली मागणी मी अर्धी मागे घेते. गृहीत संमती आत्ता नको. आधी दवाखान्यात विचारणारा माणूस हवा, मराठी माणसाला मराठीत आणि कन्नड माणसाला कन्नडमध्ये विचारणारा. आयसीयूत घरच्यांना विचारणं १९९४ च्या कायद्याच्या २०११ मधल्या दुरुस्तीनं बंधनकारक झालंच आहे. ते नीट होऊ दे, मग बाकीचं बघू. पुढचा जन्म आंधळा येतो वगैरे तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यावर मी काही बोलत नाही. दधीचीचं उदाहरणही देत नाही, ते सगळेच देतात.

फक्त एक विचारते, काका. "माझं आहे तसं जाळा" हे तुम्ही मला लिहिलंत. घरात सांगितलंय का? पोरगा पुण्याला असतो म्हणालात. उद्या आयसीयूच्या दाराशी त्यालाच विचारतील, आणि माझा लेख वाचून तो कदाचित 'हो' म्हणेल.