लघवीची जळजळ आणि ताप: याला उन्हाळी म्हणून थांबू नका

कोल्हापुरात सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. मुलाला लघवीला जळजळ होतेय, अंग तापलंय, तर ती उन्हाळी. धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा तीन दिवस द्या. लघवी तपासू नका, अँटिबायोटिकनं किडनी जाते. दिलंच तर ताप उतरल्यावर बंद करा.

'ही उन्हाळी आहे.' हे अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. मे महिन्यात दिवसभर खेळणारं पोर पाणी कमी पितं, लघवी गडद होते आणि झोंबते. पाणी-ताक पोटात गेलं की काही तासांत रंग फिका पडतो, जळजळ थांबते. पण जळजळीसोबत 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी, कमरेत दुखणं, उलट्या असतील तर जंतुसंसर्ग धरूनच चालायचं. दोन वर्षांखालचं बाळ जळजळ सांगणार कसं? सर्दी-खोकला नाही आणि ताप आहे, एवढ्यावरही त्याची लघवी तपासावी.

'तीन दिवस वाट बघा.' सगळ्यात घातक सल्ला हाच. बहुतेक वेळा आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गातून वर चढतो. तो किडनीपर्यंत पोचला आणि उपचाराला 48 ते 72 तासांहून उशीर झाला, तर किडनीवर कायमचा व्रण राहण्याचा धोका वाढतो. पुढे त्यातून रक्तदाब जडू शकतो. धन्याचं पाणी जंतू मारत नाही. मेडिकलमधलं लघवीचं सिरपही फक्त जळजळ कमी करतं.

'तपासणी नको.' उलट, नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच घ्यायचा. जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडा, मधली धार लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरा. घरची धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. तान्ह्या बाळाला चिकटवायच्या पिशवीत त्वचेवरचे जंतू येतात, म्हणून त्यातल्या कल्चरवर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीवर, भरवसा ठेवता येत नाही. बारीक नळीनं नमुना घ्यावा लागतो. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही. गगनबावडा किंवा चंदगडहून पिशवीत घालून एसटीनं आणलेल्या बाटलीत वाटेतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. त्यापेक्षा मुलालाच घेऊन या. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात बालरोग विभाग आहे. कल्चरला एक-दोन दिवस लागतात. तापलेल्या मुलाचं औषध तोवर थांबवत नाहीत, रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतात.

'अँटिबायोटिकनं किडनी जाते.' जेंटामायसिन, अमिकासिनसारख्या इंजेक्शनांना जपावं लागतं, म्हणून डोस वजनावर ठरतो. पण उपचार न केलेला संसर्ग किडनीला त्याहून महागात पडतो.

'ताप उतरला की बंद.' ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो, जंतू तेवढ्यात संपत नाहीत. तापाच्या संसर्गात कोर्स साधारण 7 ते 10 दिवसांचा असतो. 48 तासांत ताप हलला नाही तर पुन्हा दाखवा.

संसर्ग परत परत का होतो, याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं आतडं मूत्राशय दाबतं आणि लघवी पूर्ण होत नाही. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून मुली दिवसभर लघवी धरून बसतात. दर दोन-तीन तासांनी जायला हवं. लहान मुलग्याच्या लघवीच्या जागेवरची कातडी जोर करून मागे ओढू नका. आणि मुलग्याची धार जन्मापासून बारीक असेल, लघवी थेंबथेंब होत असेल, तर मूत्रमार्गात पडदा असू शकतो. त्याला तापाची वाट न बघता लगेच दाखवा.