ॲव्हरेज वाढलं म्हणून रायडर टीमबाहेर, असं कुठे असतं का?

ब्रिटिश स्पीडवेमध्ये दर हिवाळ्यात तेच होतं आणि दर हिवाळ्यात माझं डोकं फिरतं. सीझनभर जीव तोडून रेस केलेली, लोकांनी डोक्यावर घेतलेली, जिंकलेली टीम क्लबला मोडावी लागते. पैसे संपले म्हणून नाही, रायडरला जायचंय म्हणूनही नाही, तर पोरं चांगली खेळली म्हणून. यावर बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलोय तर सगळंच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी स्पीडवे कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ५०० सीसीची सिंगल सिलिंडर बाईक, मिथेनॉलवर चालणारी, गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. (आपल्याकडे जुन्या जावाचा विषय निघाला की लोक हळवे होतात ना, त्याच जावाच्या नावाची स्पीडवे इंजिनं चेक देशात बनत आलीयत.) चार रायडर, चार लॅप, घड्याळाच्या उलट्या दिशेने, शेल नावाच्या भुरभुरीत मातीच्या ट्रॅकवर. वळणावर बाईक आडवी टाकायची, मागचं चाक सरकवत न्यायचं आणि थ्रॉटल सोडायचा नाही. सगळं मिनिटभरात संपतं. पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. दोन टीम, प्रत्येकी सात रायडर, प्रत्येक रेसमध्ये दोन्हीकडची दोघं-दोघं, आणि अशा १५ रेस, त्यांना हीट म्हणतात. मी इथे मँचेस्टरला बेल व्ह्यू क्लबच्या मॅचेस बघतो, २०१६ ला सुरू झालेल्या नॅशनल स्पीडवे स्टेडियममध्ये, आणि तिथे स्टँडमधले कितीतरी लोक हातात पेन घेऊन प्रोग्रामच्या चौकटींत प्रत्येक हीटचा निकाल स्वतः भरत असतात. पहिल्या वळणाला उभं राहिलात तर शेल अंगावर उडते, प्रोग्रामवर पडते, तो झटकून लोक पुढच्या हीटचे आकडे लिहायला घेतात. मीही लिहितो. त्यामुळे हा ॲव्हरेजचा हिशोब काय आहे ते इथल्या प्रेक्षकाला तोंडपाठ असतं.

तर हिशोब असा. रायडरचे पॉइंट अधिक बोनस, त्याला चारने गुणायचं, आणि तो जेवढ्या रेस पळाला त्याने भागायचं. बोनस म्हणजे आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग आलात आणि समोरच्या टीमच्या माणसाला मागे ठेवलंत की मिळणारा जादा पॉइंट. समजा पाच रेसमध्ये ९ पॉइंट आणि १ बोनस, म्हणजे १० गुणिले ४ भागिले ५, ॲव्हरेज ८. हा आकडा रायडरच्या कपाळावर चिकटतो. आणि टीम बनवताना सगळ्यांच्या ॲव्हरेजची बेरीज एका ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते, तिला पॉइंट्स लिमिट म्हणतात. मर्यादा बदलत राहते, समजायला सोपं म्हणून आपण ४० धरू. आयपीएलमध्ये फ्रँचायझीला पैशाची पर्स असते ना, इथे पर्स पॉइंटची आहे. फरक एवढाच की आयपीएलमध्ये रिटेन्शन नावाचा प्रकार आहे, इथे मात्र तुमचाच माणूस तुमच्याकडे राहून तुम्हाला महाग होतो.

आता बघा काय होतं. तुम्ही डोकं लावून ४० वर टीम बसवली. सीझन मस्त गेला, सातही जणांचं ॲव्हरेज अर्ध्या अर्ध्या पॉइंटने वाढलं. बेरीज झाली साडेत्रेचाळीस. म्हणजे पुढच्या वर्षी साडेतीन पॉइंट कापायचे आणि ते कापायचे म्हणजे कोणाला तरी घरी पाठवायचं. आणि एका हीटमध्ये पॉइंट सहाच असतात, तुमच्या रायडरचं वाढलं म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी टीममधल्या कोणाचं तरी घटलंय. म्हणजे ज्यांनी काम नीट केलं त्यांच्याकडून काढून ज्यांचं वाटोळं झालं त्यांना द्यायचं अशीच ही व्यवस्था आहे.

बरं, लीगमध्ये चुरस राहावी म्हणून मर्यादा हवी हे मला पूर्ण मान्य आहे. हे नवीनही नाही. १९६५ ला दोन लीग एकत्र करून १८ टीमची ब्रिटिश लीग सुरू झाली तेव्हा तर रायडर कंट्रोल होतं, कोणता रायडर कुठे जाणार यात वरच्या मंडळींचा हात असायचा, कारण एकाच क्लबने सगळे भारी रायडर गोळा केले तर बाकीच्यांच्या गेटवर कोण येणार. तरीसुद्धा आयव्हन मॉगरसारखा वर्ल्ड चॅम्पियन १९६९ ला न्यूकॅसलहून बेल व्ह्यूला आला आणि बेल व्ह्यूने १९७०, ७१, ७२ अशी सलग तीन वर्षं लीग नेली. त्या काळात जगातले बहुतेक मोठे रायडर इंग्लंडमध्येच रेस करायचे, एक गेला तर दुसरा यायचा. आज ती परिस्थिती नाही, म्हणून आजचं लिमिट रायडरला काय करतंय हे बघायला पाहिजे.

माझा खरा राग इथे आहे. या पद्धतीत मॅनेजर रायडर शोधतच नाही, तो चुकलेला आकडा शोधतो. मागच्या वर्षी कोणाचा खांदा मोडला होता, कोण इंजिनाच्या भानगडीत अडकला होता, कोणाचं मन थाऱ्यावर नव्हतं आणि त्यामुळे कोणाचं ॲव्हरेज खरं सातचं असून पाचवर आलंय, तो माणूस म्हणजे सोनं. त्याच्यामागे सगळे लागतात. आणि जो रायडर दर वर्षी इमानदारीत सहाच्या आसपास देतो, एकही मॅच चुकवत नाही, ज्युनियर पोराची चेन तुटली तर पिटमध्ये आधी हा धावतो, तो कोणालाच परवडत नाही कारण त्याच्यात "फायदा" नाही. सहाचा माणूस सहालाच मिळतोय म्हणे, मग काय उपयोग!

सगळ्यात जास्त हाल होतात ते विशी-बाविशीच्या पोरांचे. चारच्या ॲव्हरेजवर रिझर्व्हला, म्हणजे सहा-सात नंबरला उतरलेला पोरगा असतो. हीट २ ही रिझर्व्हची रेस, तिथे तो जिंकायला शिकतो, रिझर्व्हला जास्तीच्या रेसही मिळतात, सातपर्यंत, त्यामुळे तो शिकत जातो. सीझन संपेपर्यंत तो साडेसहावर पोचतो. घरचे खूश, क्लब खूश, स्टँडमध्ये त्याच्या नावाने आरडाओरडा. आणि नोव्हेंबरमध्ये फोन येतो की तुझं ॲव्हरेज बसत नाही. दुसऱ्या क्लबला तो साडेसहावर हवा असतो का? तर नाही, कारण साडेसहावर त्याला वरच्या नंबरांत उतरावं लागणार, समोर पहिल्या फळीचे हीट लीडर, आणि तेवढं ओझं तो अजून पेलेल का याची खात्री कोणालाच नसते, त्यापेक्षा दुखापतीतून परत आलेला अनुभवी माणूस बरा. मग पोरगा खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये. वर्षभरापूर्वी जो वर चढत होता तो चांगलं खेळल्याबद्दल खाली!

ही पद्धत बरोबर आहे म्हणून मला लोक २०२१ च्या पीटरबरो क्लबचं उदाहरण देतात आणि ते उदाहरण खरंच भारी आहे, नाकारायचं कारण नाही. क्रिस हॅरिस, स्कॉट निकोल्स, हान्स अँडरसन, ब्यार्ने पेडरसन, उलरिक ऑस्टरगार्ड, सगळे चाळिशीच्या आसपासचे, त्यांच्यासोबत मायकेल पाम टॉफ्ट आणि रायझिंग स्टार म्हणून, म्हणजे तरुण रायडरसाठी राखलेल्या जागेवर, जॉर्डन पेलिन. सीझनच्या आधी या टीमला जवळपास कोणीच धरलं नव्हतं, म्हातारे काय करणार म्हणत होते, आणि रॉब लायन मॅनेजर असलेल्या या टीमने फायनलमध्ये बेल व्ह्यूला हरवून प्रीमियरशिप, म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, उचलली. मी बेल व्ह्यूचा माणूस, जिव्हारी लागलं, पण त्या मंडळींनी ज्या पद्धतीने जोडीने वळणं अडवली, एकाने आतली लाईन धरायची आणि दुसऱ्याने बाहेरून निघायचं, ते स्पीडवेचं शिक्षण होतं. सात वेळा ब्रिटिश चॅम्पियन झालेला निकोल्स आणि २००७ ला कार्डिफची ग्रांप्री (वर्ल्ड चॅम्पियनशिपची एक फेरी) जिंकलेला हॅरिस एकाच टीममध्ये, त्यांच्या अनुभवाला किंमत होतीच. पण मला सांगा, असे रायडर लिमिटच्या आत बसले कसे? बसले कारण कागदावरचा आकडा म्हणत होता की हे उतरणीला लागलेत. आकडा चुकला होता. म्हणजे आकड्यावर सगळा कारभार सोपवणाऱ्यांच्या बाजूचा हा पुरावा नाहीच, उलटा आहे. आणि पीटरबरोचा तो ट्रॅकसुद्धा २०२३ च्या सीझननंतर गेला, तसंच वुल्व्हरहॅम्प्टनचं मॉनमोर ग्रीनही, ते वेगळंच दुखणं.

गेस्ट रायडरचा प्रकार तर मला आजही पचत नाही. रायडरला दुखापत झाली की त्याच्या जागी दुसऱ्या क्लबचा, तेवढ्याच किंवा कमी ॲव्हरेजचा रायडर एका मॅचसाठी उसना आणता येतो. २०२४ मध्ये प्रीमियरशिपमध्ये टीम होत्या सात, म्हणजे माणसं मोजकीच. त्यामुळे गेल्या आठवड्यात ज्याच्या विरुद्ध ओरडलो तोच या आठवड्यात आपलं बिब घालून उभा, आणि पुढच्या आठवड्यात परत समोर. नवीन माणसाला स्टेडियमवर घेऊन गेलं की तो पहिला प्रश्न हाच विचारतो की हा नक्की कोणाचा रायडर आहे, आणि उत्तर देताना आपलं तोंड बारीक होतं. रायडर रिप्लेसमेंटचा पर्याय आहे, गैरहजर माणसाच्या रेस टीममधल्याच इतरांनी वाटून घ्यायच्या, तो मला कितीतरी पटीने प्रामाणिक वाटतो. निदान हरलो तर आपल्याच माणसांनी हरलो.

आता क्वालिटीचा मुद्दा, कारण हल्ली ज्याला त्याला म्हणायचं असतं की ब्रिटिश लीगची क्वालिटी गेली. पोलंडच्या एक्स्ट्रालीगा या वरच्या लीगएवढा पैसा इथे नाही, हे उघड आहे. बार्टोश झ्मार्झलिक सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याच्या पिढीत त्याच्या तोडीचा कोणी नाही, आणि इथल्या लीगला त्याच्यावाचूनच चालवून घ्यावं लागतं. पण अगदी वरच्या टोकाला क्वालिटी नाही हे मला पटत नाही. २०२५ ला ब्रॅडी कर्ट्झ वर्ल्ड टायटलपासून एका पॉइंटने मागे राहिला, एकाच पॉइंटने, आणि तो बेल व्ह्यूचा. डॅन ब्युली बेल व्ह्यूचा. २०१७ चा वर्ल्ड चॅम्पियन जेसन डॉयल इप्सविचसाठी रेस करत आलाय. वरचे दोघं-तिघं अजूनही जगातले आहेत. भोक पडलंय ते मधल्या फळीत, पाच ते सात ॲव्हरेजच्या रायडरमध्ये, आणि ते भोक आपणच पाडलंय कारण त्या उंचीवर पोचलेल्या पोराला आपण दर हिवाळ्यात हाकलतो. त्यातून एकच माणूस सोमवारी प्रीमियरशिपमध्ये एका क्लबकडून आणि शुक्रवारी चॅम्पियनशिपमध्ये दुसऱ्या क्लबकडून उतरतो, ही डबलिंग अपची सोय तात्पुरती म्हणून ठीक, पण त्यामुळे दोन जागांवर एकच माणूस बसतो आणि तिसरा पोरगा बाहेर व्हॅनमध्ये बसून राहतो. ती व्हॅन, बाईक, इंजिन, टायर सगळं त्याच्या स्वतःच्या खर्चाने, हे विसरू नका.

ब्युलीचंच बघा ना. कंब्रियातला पोरगा, बेल व्ह्यूच्या ज्युनियर टीममधून, कोल्ट्समधून वर आला, वर्किंग्टनकडून घडला, २०२२ ला कार्डिफची ग्रांप्री जिंकली, तिथे ब्रिटिश रायडर जिंकण्याची वेळ २००७ च्या हॅरिसनंतर पहिल्यांदाच आली होती. २०२१ ला मँचेस्टरमध्ये ग्रेट ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स जिंकलं, १९८९ नंतरचं पहिलं सांघिक विश्वविजेतेपद, त्यातही हा होता. आणि ज्या वर्किंग्टनने त्याला घडवलं तो क्लब २०१८ ला तीन-तीन ट्रॉफ्या जिंकून २०१९ ला ट्रॅकवर उतरलाच नाही. घडवणाऱ्या क्लबच्या पदरात काय पडलं?

पोलंडमध्ये टीममध्ये पोलिश ज्युनियर खेळवावेच लागतात, तिथे चॉईसच नाही, म्हणून तिथे क्लबला स्वतःची अकादमी चालवणं भाग पडतं. इथे २०२१ पासून प्रीमियरशिपमध्ये रायझिंग स्टारची जागा आली, ती मला या सगळ्या वर्षांतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. पण ती एकच जागा. पोरगा त्या जागेतून मोठा झाला की पुन्हा त्याच ॲव्हरेजच्या चक्कीत.

माझं म्हणणं साधं आहे. क्लबने ज्या ब्रिटिश रायडरला ज्युनियर लेव्हलपासून घडवलं, तो त्याच क्लबकडे राहतोय तोपर्यंत तीन सीझन त्याचं ॲव्हरेज टीममध्ये आला त्या आकड्यालाच गोठवा. चारला आला, साडेसहाचा झाला, तरी त्याच क्लबच्या बेरजेत चारच धरा. दुसऱ्या क्लबने उचलला तर त्यांना पूर्ण साडेसहा मोजू द्या. म्हणजे पोरगा घडवण्यात क्लबचा फायदा, पोराला एका जागी राहण्यात फायदा, आणि प्रेक्षकाला सलग तीन वर्षं तोच चेहरा. चुरस बिघडेल म्हणाल तर ही सवलत टीममागे दोघांनाच द्या. आणि गेस्ट आणायचाच असेल तर तो स्पर्धेतल्या क्लबकडून नको, खालच्या लीगमधून आणा, मोडक्या खांद्याच्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा उतरला आणि मार खाऊन दोनच पॉइंट घेऊन परत आला तरी चालेल, मी त्याचे दोन पॉइंट प्रोग्राममध्ये आनंदाने भरीन.