बाकेबर्ग व्यापारी होता, मग?

नमस्कार. निवडुंगांना नावं देणाऱ्या जर्मन कुर्ट बाकेबर्गवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच खडसावलंय: पदवी नसलेल्या निवडुंग-व्यापाऱ्याला मी उगाच वनस्पतिशास्त्रज्ञ करून टाकलं, आणि माल खपावा म्हणून त्याने वाटेल तशी नवी नावं काढली.

नावांचा सुळसुळाट त्याने केला, यात वादच नाही. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1923 पर्यंत निवडुंग कुलात 124 प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) मानल्या होत्या. बाकेबर्गने त्या दोनशेच्या वर नेल्या. त्यातल्या कितीतरी आता मोडीत निघाल्यात. (माझ्या कुंडीवर त्याच्याच ‘सल्कोरेबुशिया’ या नावाची पट्टी आहे, ती मात्र मी काढणार नाही.) पण 1958 ते 1962 या काळात आलेला सहा खंडांचा, चार हजार पानांचा ‘डी काक्टासीए’ हा निवडुंगांवरचा ग्रंथ कोणी गिऱ्हाइकं गोळा करायला लिहीत नाही.

त्याचा खरा दोष वेगळाच आहे, आणि नेमका तो तुमच्या नजरेतून सुटलाय. 1958 पासून नव्या जातीचा मूळ नमुना (म्हणजे पडताळणीसाठी वाळवून जपलेलं झाड) कोणता, हे सांगणं नियमाने सक्तीचं झालं. बाकेबर्ग ते टाळत राहिला, म्हणून त्याची बरीच नावं ग्राह्य धरली जात नाहीत. निवडुंग जास्वंदीसारखा कागदात दाबून वाळत नाही, कुजतो. खोड उभं चिरायचं, गर खरवडून काढायचा, काट्यांसकट साल सुकवायची, फूल वेगळं कापून ठेवायचं. जिवंत झाडावर जीव असलेल्या माणसाला ही चिरफाड नकोशी वाटत असेल. पण काचघरातलं झाड मेलं की पडताळायला उरतं काय?

तरीही पेरूच्या किनाऱ्यावर धुक्याच्या ओलाव्यावर जगणारा हागेओसेरियस घ्या. ती प्रजाती त्याने 1933 मध्ये वेगळी काढली आणि आजही ती टिकून आहे. वेबरबाउएरोसेरियस या त्याच्या दुसऱ्या प्रजातीचंही तेच. झाड कुठे उगवतं याला त्याच्या वर्गीकरणात मोठं वजन होतं. आणि पदवीचंच म्हणाल तर हायडेलबर्गचे प्राध्यापक वेर्नर राऊ यांनी पेरूतून आणलेल्या निवडुंगांपैकी अनेकांच्या नावांपुढे ‘राऊ आणि बाकेबर्ग’ अशी जोडी लागते. राऊंना त्याच्यासोबत नाव लावायला कमीपणा वाटला नाही.

रानातली झाडं उपटून आणण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, तिथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे. दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार 1975 मध्ये लागू झाला. बाकेबर्ग 1966 मध्येच वारला. कायदा नव्हता, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.